दोन कर्करोग, एक यकृत

कर्करोगाच्या उपचारांतून एकदा बाहेर पडलेल्या माणसाच्या सोनोग्राफीत काही वर्षांनी यकृतावर गाठ दिसते, तेव्हा घरातल्यांच्या तोंडून पहिला शब्द निघतो तो ‘पसरला’ हा. अहवालात तसे काही लिहिलेले नसते. तेथे बहुधा एवढेच असते की यकृताच्या अमुक भागात अमुक सेंटिमीटरची गाठ आहे आणि पुढील तपासणी करावी. परंतु त्या एका शब्दाने कुटुंबाचा धीर खचतो, नातेवाईक भेटीला येऊ लागतात, आणि कधी कधी पुढील तपासणी होतच नाही. ‘आता कशाला त्यांना त्रास द्यायचा?’ असे म्हणून फाईल कपाटात जाते.

वाचकहो, ती गाठ जुन्या कर्करोगाचा फैलाव असू शकते. पुष्कळदा तीच शक्यता मोठीही असते. पण ती यकृताचा स्वतःचा, नवा आणि जुन्याशी नाते नसलेला कर्करोगही असू शकते. या दोहोंचे उपचार वेगळे, वाटचाल वेगळी आणि आयुष्याची शक्यताही वेगळी. एकाच शरीरात दोन स्वतंत्र कर्करोग, आणि त्यांतील एक यकृताचा, अशा रुग्णाचे पुढे काय होते, याचा विचार आपण येथे करणार आहोत. उत्तर वाटते तितके अंधारलेले नाही. मात्र ते समजून घेण्यासाठी आधी काही शब्दांची उकल करावी लागेल.

गाव बदलले, आडनाव तेच

कर्करोग ज्या अवयवाच्या पेशींतून उगवतो त्याचे नाव त्याला मिळते, आणि तो कोठेही गेला तरी ते नाव सुटत नाही. आतड्याच्या कर्करोगाच्या पेशी रक्तावाटे यकृतात जाऊन वाढल्या, तर ती गाठ यकृतात असूनही आतड्याच्याच कर्करोगाची असते. रत्नागिरीचे कुटुंब तीन पिढ्या मुंबईत राहिले म्हणून त्याचे आडनाव बदलत नाही, तसेच हे. सूक्ष्मदर्शकाखाली त्या पेशी आपले मूळ सांगतात, आणि औषधेही त्या मुळानुसारच द्यावी लागतात.

अशा परक्या पेशी यकृतात वारंवार का रुजतात, यालाही कारण आहे. जठर, आतडी, स्वादुपिंड आणि प्लीहा यांच्याकडून परतणारे जवळजवळ सर्व रक्त हृदयाकडे जाण्यापूर्वी एका मोठ्या शिरेवाटे यकृतात येते. पोटातील कर्करोगाच्या सुट्या पेशींना भेटणारी पहिली चाळणी ही अशी यकृताची असते. त्यामुळे यकृतावर गाठ दिसली की डॉक्टरांच्या मनातही फैलावाची शंका प्रथम येते, आणि ती रास्त असते.

यकृताच्या स्वतःच्या पेशींतून उगवणारा कर्करोग वेगळा. त्यातील सर्वांत मोठा वाटा, म्हणजे चारांपैकी साधारण तीन किंवा त्याहूनही अधिक रुग्ण, यकृतपेशींच्या कर्करोगाचा असतो. डॉक्टर त्याला ‘एचसीसी’ म्हणतात. उरलेल्यांत यकृतातील पित्तनलिकांचा कर्करोग प्रमुख. या लेखात ‘यकृताचा कर्करोग’ असे जेथे म्हटले आहे, तेथे एचसीसी अभिप्रेत आहे. जागतिक अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात यकृताच्या कर्करोगाचे साडेआठ लाखांहून अधिक नवे रुग्ण आढळले आणि साडेसात लाखांहून अधिक माणसे त्याने दगावली. दोन्ही आकड्यांतील अंतर इतके कमी आहे, यावरूनच या आजाराचे गांभीर्य ध्यानात यावे.

एकाच माणसाला दोन वेगळे कर्करोग होऊ शकतात ही गोष्ट वैद्यकाला एकोणिसाव्या शतकापासून ठाऊक आहे. व्हिएन्नातील प्रख्यात शल्यविशारद थिओडोर बिलरोथ यांनी त्याविषयी लिहिले होते. पुढे १९३२ मध्ये वॉरन आणि गेट्स या अमेरिकी वैद्यांनी त्यासाठी तीन कसोट्या सांगितल्या, त्या आजही वापरात आहेत. दोन्ही गाठी निःसंशय कर्करोगाच्या हव्यात, त्या एकमेकींहून वेगळ्या हव्यात, आणि एक गाठ दुसरीचा फैलाव नाही याची खात्री झालेली हवी. तिसरी कसोटी सर्वांत अवघड आहे. दोन्ही कर्करोग सहा महिन्यांच्या आत सापडले तर ते एकाच वेळचे मानण्याचा, आणि त्याहून अधिक अंतराने सापडले तर वेगवेगळ्या वेळचे मानण्याचा प्रघात आहे. हा भेद लक्षात ठेवा. आयुर्मानाच्या आकड्यांकडे वळू तेव्हा तो पुन्हा लागेल.

समजा, तुमच्या घरी

समजा, तुमच्या घरातील चौसष्ट वर्षांच्या गृहस्थांची चार वर्षांपूर्वी मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली आहे. नेमाने तपासण्या चालू आहेत, आणि आता यकृतात तीन सेंटिमीटरची एक गाठ दिसली आहे. ती आतड्याची की यकृताची?

जाणकार डॉक्टर पहिला प्रश्न गाठीविषयी विचारत नाहीत. उरलेले यकृत कसे आहे, हा त्यांचा पहिला प्रश्न असतो. यकृताचा कर्करोग बहुतेकदा आधीच आजारी असलेल्या यकृतात होतो. हिपॅटायटिस बी किंवा सी या विषाणूंचा दीर्घकाळचा संसर्ग, वर्षानुवर्षांचे मद्यपान, मधुमेह आणि लठ्ठपणासोबत येणारे चरबीयुक्त यकृत, यांमुळे यकृतात व्रण साचत जातात आणि ते कठीण होते. यालाच सिरॉसिस म्हणतात. सिरॉसिस झालेल्या यकृतात बाहेरचे कर्करोग तुलनेने कमी रुजतात आणि यकृताचा स्वतःचा कर्करोग अधिक उद्भवतो. उलट, यकृत निरोगी असेल तर गाठ बाहेरून आलेली असण्याची शक्यता वाढते. एक अपवाद मात्र विसरू नये. हिपॅटायटिस बी हा विषाणू सिरॉसिस नसतानाही यकृताचा कर्करोग घडवू शकतो.

यानंतर सीटी स्कॅन किंवा एमआरआय. येथे रंगद्रव्य शिरेतून देऊन ठरावीक अंतराने अनेकदा चित्रे घेतली जातात. यकृताच्या कर्करोगाला रक्तपुरवठा प्रामुख्याने रोहिणीतून होतो, म्हणून तो आधी उजळतो आणि नंतर भोवतालच्या यकृतापेक्षा लवकर फिका पडतो. सिरॉसिस असलेल्या माणसात हे लक्षण इतके बोलके असते की पुष्कळदा बायोप्सीविनाही निदान होते. परंतु पूर्वी दुसरा कर्करोग होऊन गेलेला असेल, तर केवळ चित्रावर विसंबणे धोक्याचे ठरते. अशा वेळी डॉक्टर सुईने तुकडा काढण्याचा आग्रह धरतात, आणि तो आग्रह मानावा असे मला वाटते. ‘सुई लागली की कर्करोग पसरतो’ ही समजूत आपल्याकडे खोलवर रुजली आहे. ती निव्वळ अंधश्रद्धा नाही. यकृताच्या कर्करोगात सुईच्या मार्गावर पेशी रुजल्याची उदाहरणे आहेत, पण ती शंभरात तीनहून कमी. शस्त्रक्रियेने गाठ समूळ निघण्याजोगी असेल, तर सुई लावावी की थेट शस्त्रक्रिया करावी, याचा निर्णय शल्यविशारदांबरोबर बसून घ्यावा. चुकीच्या कर्करोगावर सहा महिने चुकीचे औषध घेण्याचा धोका मात्र त्या सुईहून कितीतरी मोठा आहे.

रक्तातील खुणांविषयीही दोन शब्द. एएफपी नावाचे प्रथिन यकृताच्या कर्करोगात वाढते, पण सर्वांतच नाही. लहान गाठीत ते पुष्कळदा सामान्य असते. आतड्याच्या कर्करोगासाठी सीईए पाहतात. या चाचण्या दिशा दाखवतात, निकाल देत नाहीत. पेट स्कॅनचेही तसेच. आज घरोघरी पेट स्कॅनवर फार विश्वास आहे, परंतु यकृताच्या कर्करोगाच्या संथ वाढणाऱ्या गाठी त्यात अनेकदा उजळतच नाहीत. पेट स्कॅनमध्ये काही दिसले नाही म्हणून यकृतावरची गाठ निरुपद्रवी ठरत नाही.

शेवटचा शब्द पॅथॉलॉजीतज्ज्ञांचा. पेशींवर विशिष्ट रंगप्रक्रिया करून त्या यकृताच्या आहेत की आतड्याच्या हे ते सांगू शकतात. त्यासाठी जुन्या शस्त्रक्रियेच्या वेळी जपून ठेवलेल्या गाठीच्या काचपट्ट्या आणि मेणाचे ठोकळे, ज्यांना रुग्णालयात ‘स्लाइड आणि ब्लॉक’ म्हणतात, फार उपयोगी पडतात. नवी गाठ जुन्या गाठीशेजारी ठेवून पाहता येते. तेव्हा, वाचकहो, कर्करोगाची शस्त्रक्रिया ज्या रुग्णालयात झाली तेथून ब्लॉक मागून घेण्याचा हक्क रुग्णाला आहे, हे ध्यानात असू द्या. डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स सर्वजण जपतात. ब्लॉकची आठवण मात्र क्वचितच कोणाला होते.

आणि गाठ आतड्याचीच निघाली तर? तरीही सारे संपले असे नाही. आतड्याच्या कर्करोगाच्या यकृतातील मोजक्या गाठी शस्त्रक्रियेने काढून दीर्घकाळ जगलेले रुग्ण पुष्कळ आहेत. ‘पसरला’ हा शब्दसुद्धा सर्व ठिकाणी सारखाच जड नसतो.

सेनापती, बिशप आणि दोन कर्करोगांचे रुग्ण

आता मूळ प्रश्न. यकृताच्या कर्करोगाबरोबर दुसरा स्वतंत्र कर्करोग असलेला माणूस किती जगतो?

तैवान, चीन, जपान अशा यकृताच्या कर्करोगाचे प्रमाण जास्त असलेल्या देशांत आणि अमेरिकेत या प्रश्नाचा अभ्यास झाला आहे. जठर, मोठे आतडे, फुप्फुस, लसिकाग्रंथी, प्रोस्टेट, स्तन अशा अवयवांचे कर्करोग यकृताच्या कर्करोगाबरोबर आढळले आहेत. बऱ्याच अभ्यासांत एक अनपेक्षित गोष्ट दिसली. दोन कर्करोग असलेले रुग्ण केवळ यकृताचा कर्करोग असलेल्यांपेक्षा लवकर दगावले नाहीत. काही ठिकाणी तर ते अधिक जगलेले दिसले.

दोन आजार असलेला माणूस एक आजार असलेल्याहून अधिक कसा जगेल? येथे थोडे थांबले पाहिजे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधील विल्यम फार या संख्याशास्त्रज्ञाने एक गमतीदार मुद्दा मांडला होता. सेनापती, बिशप आणि न्यायाधीश हे लष्करातील कनिष्ठ अधिकारी, नवे पाद्री आणि तरुण वकील यांच्यापेक्षा मरतेसमयी वयाने मोठे असतात. यावरून सेनापतीपद आयुष्य वाढवते असे कोणी म्हणू नये. सेनापती होण्यासाठी मुळात तेवढी वर्षे जगावे लागते, इतकेच.

दोन कर्करोगांच्या रुग्णांचेही असेच आहे. यकृताच्या कर्करोगानंतर चार वर्षांनी ज्याला दुसरा कर्करोग झाला, तो ती चार वर्षे जगलेलाच असतो. ज्यांचा यकृताचा कर्करोग वेगाने वाढला, त्यांना दुसरा कर्करोग होण्याइतका अवधीच मिळाला नाही. म्हणून वेगवेगळ्या वेळी झालेल्या कर्करोगांच्या रुग्णांचे आकडे चांगले दिसतात, आणि एकाच वेळी सापडलेल्यांचे तितके चांगले दिसत नाहीत. एखाद्या बातमीत ‘दुसरा कर्करोग झालेले रुग्ण जास्त जगतात’ असे वाचलेत, तर हा सेनापती आठवावा.

पण आकड्यांतील ही फसगत बाजूला ठेवली तरी काही खरे उरते, आणि ते महत्त्वाचे आहे. पहिल्या कर्करोगासाठी जो नेमाने तपासणीला जातो, त्याचा यकृताचा कर्करोग बहुधा लहान असताना सापडतो. अमेरिकेतील नोंदींनुसार यकृताच्या कर्करोगाचे सर्व रुग्ण एकत्र घेतले तर पाच वर्षांनंतर पाचांतील सुमारे एक हयात असतो. कर्करोग यकृतापुरताच असताना सापडला तर हे प्रमाण तिघांत एकाहून अधिक होते. दूर पसरल्यावर सापडला तर शंभरात जेमतेम तीन-चार उरतात. लवकर सापडण्याचा लाभ एवढा मोठा आहे. आमच्या उदाहरणातील गृहस्थांची तीन सेंटिमीटरची गाठ चार वर्षांच्या पाठपुराव्यामुळेच हाती लागली.

दुसरे असे की, बहुतेक अभ्यासांत या रुग्णांच्या मृत्यूचे प्रमुख कारण यकृताचा कर्करोग किंवा यकृताचे निकामी होणे हेच आढळले. सोबतचा कर्करोग थायरॉइडचा, संथ वाढणारा प्रोस्टेटचा, किंवा आरंभीच काढलेला स्तनाचा अथवा आतड्याचा असेल, तर त्याने आयुष्याचे गणित फारसे बदलत नाही. सोबतचा कर्करोग स्वादुपिंडाचा किंवा पुढच्या टप्प्यातील फुप्फुसाचा असेल, तर मात्र पारडे तिकडे झुकते. म्हणजे ‘दोन कर्करोग’ हा आकडा स्वतः फार थोडे सांगतो. यकृतातील गाठ किती मोठी, किती गाठी, रक्तवाहिनीत शिरली आहे का, आणि उरलेले यकृत किती काम करते, यांवरच बहुधा सारे ठरते.

औषधांविषयी वाचतानाही एक सावधगिरी बाळगावी. नव्या औषधांच्या ज्या मोठ्या चाचण्यांतून ‘सरासरी इतके महिने’ असे आकडे येतात, त्यांत पूर्वी दुसरा कर्करोग झालेल्यांना बहुधा घेतलेलेच नसते. ते आकडे तुमच्या घरच्या रुग्णाला जसेच्या तसे लागू करू नयेत, ना आशेने, ना निराशेने.

रक्ताची एक तपासणी

या विषयात कुटुंबाच्या हाती असलेली सर्वांत मोठी गोष्ट कोणती असे मला विचाराल, तर मी हिपॅटायटिस बीच्या तपासणीचे नाव घेईन.

भारतात कोट्यवधी माणसांच्या शरीरात हा विषाणू आहे, आणि बहुतेकांना त्याचा पत्ता नाही. तो यकृतात वर्षानुवर्षे दबून राहतो. आपली प्रतिकारशक्ती त्याला दाबून धरते. आता अशा माणसाला लसिकाग्रंथीचा किंवा स्तनाचा कर्करोग झाला आणि केमोथेरपी सुरू झाली, तर प्रतिकारशक्ती खाली येते आणि दबलेला विषाणू उसळतो. कावीळ होते, केमोथेरपी थांबवावी लागते, क्वचित यकृत पूर्ण निकामी होऊन रुग्ण दगावतो. ज्या कर्करोगासाठी उपचार चालले होते, त्याने नव्हे. रिटुक्सिमॅब या लसिकाग्रंथीच्या कर्करोगावरील औषधाबाबत हा धोका विशेष मोठा असल्याने अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २०१३ मध्ये त्याच्या वेष्टनावरील इशारा अधिक कडक केला. ज्याच्या यकृतात आधीच कर्करोग आहे, त्याला असा आघात मुळीच परवडणारा नसतो.

हा अनर्थ टाळता येतो. केमोथेरपीपूर्वी रक्ताच्या दोन तपासण्या कराव्यात: एचबीएसएजी आणि अँटी-एचबीसी. पहिली सध्याचा संसर्ग सांगते, दुसरी होऊन गेलेला. पहिली सर्रास केली जाते, दुसरी पुष्कळदा राहून जाते. ती झाली आहे का, हे आपण विचारावे. संसर्ग आढळला तर एन्टेकाव्हिर किंवा टेनोफोव्हिर यांसारखी रोज एक गोळी केमोथेरपीच्या आधीपासून सुरू करतात आणि केमोथेरपी संपल्यावरही बरेच महिने चालू ठेवतात. ‘केमो संपली, मग ही गोळी कशाला?’ असे म्हणून ती परस्पर बंद करणे हेच पुष्कळदा घातक ठरते. हिपॅटायटिस सी असेल तर त्यावर आता साधारण बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी शंभरांतील पंचाण्णवांच्या आसपास रुग्ण विषाणूमुक्त होतात. यकृतात कर्करोग असताना हा उपचार केव्हा करावा हे मात्र तज्ज्ञांनी ठरवायचे. राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम २०१८ च्या जुलैत सुरू झाला असून सरकारी केंद्रांत या तपासण्या व औषधे विनामूल्य मिळतात.

दोन कर्करोग एकाच माणसाला का होतात, याचे उत्तरही काही अंशी येथेच आहे. कारणे सामायिक असतात. हिपॅटायटिस सीचा विषाणू यकृताबरोबर लसिकाग्रंथीच्या कर्करोगाशीही निगडित आहे. मद्य तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका, यकृत, मोठे आतडे आणि स्तन अशा सात ठिकाणच्या कर्करोगांना कारण ठरते. धूम्रपानाचा वाटा फुप्फुसापुरता नाही, यकृतातही आहे. आपल्या महाराष्ट्रात तंबाखू-गुटख्यापायी तोंडाचा कर्करोग झालेली माणसे गावोगाव आहेत. त्यांतील जे मद्यही घेत होते, त्यांच्या यकृताची सोनोग्राफी तोंडाच्या उपचारांच्या काळात एकदा तरी व्हायला हवी. लठ्ठपणा आणि मधुमेह यांचे नाते यकृत, आतडे आणि गर्भाशय या तिन्हींशी आहे. आणि बुरशी लागलेले शेंगदाणे व मका यांतील अफ्लाटॉक्सिन हे विष हिपॅटायटिस बीच्या रुग्णात यकृताच्या कर्करोगाचा धोका अनेक पटींनी वाढवते. काळे पडलेले, कडवट दाणे धुऊन-भाजून वापरू नयेत. भाजल्याने ते विष पूर्ण जात नाही.

आधी कोणता?

दोन कर्करोग एकाच वेळी सापडले की घरात प्रश्न पडतो, आधी कशावर उपचार? याचे एकच उत्तर नाही, पण विचाराची पद्धत ठरलेली आहे. जो कर्करोग लवकर जीव घेईल, त्याला अग्रक्रम. आतड्याची गाठ रक्तस्राव करत असेल किंवा मार्ग अडवत असेल, तर ती थांबू शकत नाही. प्रोस्टेटचा संथ कर्करोग मात्र यकृताचे उपचार होईपर्यंत नुसत्या देखरेखीवर ठेवता येतो. काही रुग्णांत आतडे आणि यकृत यांच्या शस्त्रक्रिया एकाच वेळी होतात.

यकृताच्या लहान गाठीसाठी शस्त्रक्रियेखेरीज सुईने उष्णता देऊन गाठ जाळण्याचा मार्ग आहे. मोठ्या गाठीसाठी तिला रक्त पुरवणाऱ्या रोहिणीतूनच औषध सोडून ती रोहिणी बंद करतात. हे उपचार यकृतापुरते मर्यादित असल्याने दुसऱ्या कर्करोगाच्या उपचारांना फारसा अडथळा आणत नाहीत. केमोथेरपीचे तसे नाही. तिची बरीच औषधे यकृतातूनच निचरतात. यकृत दुबळे असेल तर मात्रा कमी करावी लागते किंवा औषध बदलावे लागते. यकृत प्रत्यारोपण हा आणखी वेगळा प्रश्न. प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे जन्मभर घ्यावी लागतात आणि त्यांत जुना कर्करोग डोके वर काढू शकतो. म्हणून पूर्वीच्या कर्करोगातून मुक्त होऊन बहुधा दोन ते पाच वर्षे लोटलेली असावीत अशी अपेक्षा असते; अगदी सौम्य कर्करोगाला यातून सूट मिळते.

अशा रुग्णाचा निर्णय एका डॉक्टरने एकट्याने घेऊ नये. शल्यविशारद, कर्करोगतज्ज्ञ, यकृततज्ज्ञ, रेडिओलॉजिस्ट आणि पॅथॉलॉजिस्ट एकत्र बसून फाईल पाहतात, त्या बैठकीला ‘ट्यूमर बोर्ड’ म्हणतात. मोठ्या कर्करोग रुग्णालयांत ती नेमाने होते. ‘आमची केस ट्यूमर बोर्डापुढे ठेवाल का?’ असे विचारण्यात डॉक्टरांचा अवमान नाही. आणि विचारताना यकृततज्ज्ञ त्यात आहेत ना, हेही पाहावे. कर्करोगाच्या धावपळीत नेमके तेच राहून जातात.

ताटात काय, खिशात काय

यकृताची ताकद मोजण्याची जुनी आणि अजूनही उपयोगी पद्धत पाच गोष्टींवर उभी आहे. रक्तातील बिलिरुबिन, अल्ब्युमिन, रक्त गोठण्याचा वेळ, पोटात साचलेले पाणी आणि बुद्धीवर येणारी झापड. यांवरून यकृत ए, बी किंवा सी वर्गात मोडते. ‘ए’ वर्गातील रुग्णाला जवळजवळ सर्व उपचार खुले असतात. ‘सी’ वर्गात गाठ लहान असूनही हात बांधले जातात. रुग्ण ‘ए’ मधून ‘बी’ मध्ये घसरू नये, यासाठी घरात पुष्कळ करता येते.

आपल्याकडे यकृताचा आजार म्हटले की तेल-तूप बंद, डाळ बंद, उसाचा रस सुरू. हा कावीळकालीन आहार कर्करोगाच्या रुग्णाचे स्नायू झडवतो. सिरॉसिसमध्ये प्रथिने कमी करण्याचा सल्ला आता मागे पडला आहे. वजनाच्या प्रत्येक किलोमागे दिवसाला साधारण १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने मिळावीत, असे मार्गदर्शन आहे. साठ किलोच्या माणसाला सत्तर ते नव्वद ग्रॅम. वरण, उसळी, दही, पनीर, अंडी यांतून ती मिळवावी लागतात, आणि नुसत्या भाताच्या पेजेवर ठेवलेल्या माणसाला ती मिळत नाहीत. रात्री झोपण्यापूर्वी थोडे खाणेही आवश्यक आहे, कारण आजारी यकृत रात्रभरासाठी साखर साठवू शकत नाही आणि मग स्नायू जाळले जातात. एक पेला दूध व दोन पोळ्यांचा कुस्करा चालेल. मधुमेह असेल तर गूळ न घालता. पोटात पाणी असेल तर मीठ कमी, लोणचे-पापड दूर.

अंगदुखीसाठी औषधांच्या दुकानातून आणलेल्या डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या गोळ्या सिरॉसिसमध्ये मूत्रपिंडाला इजा करतात आणि रक्तस्राव घडवू शकतात. पॅरासिटामॉल बेताच्या मात्रेत, डॉक्टरांना विचारून, त्या मानाने सुरक्षित असते. काढे, भस्मे, चूर्णे यांविषयीही बोलले पाहिजे, कारण दुसऱ्या कर्करोगाची बातमी फुटली की ती घरपोच येतात. ‘नैसर्गिक’ म्हणजे यकृताला निरुपद्रवी असे नव्हे. करोनाच्या साथीत गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या काही रुग्णांची नोंद मुंबईतील तज्ज्ञांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली होती. त्यावर वादही झाला. तरीही ज्याच्या यकृताला राखीव शक्तीच नाही, त्याने अशा वादाचा निकाल स्वतःच्या शरीरावर लावून पाहू नये. काही घेतच असाल, तर निदान डॉक्टरांपासून लपवू नका.

उपचार पार पडल्यावर दोन कर्करोगांची दोन वेळापत्रके हाती येतात, आणि एकाची तपासणी दुसऱ्याचे काम भागवते असे गृहीत धरले जाते. स्तनाच्या कर्करोगाची वार्षिक मॅमोग्राफी यकृताविषयी काही सांगत नाही. सिरॉसिस असलेल्यांनी किंवा हिपॅटायटिस बीमुळे धोका वाढलेल्यांनी दर सहा महिन्यांनी यकृताची सोनोग्राफी, शक्यतो एएफपीसह, करून घ्यावी. यकृताच्या गाठीवर उपचार झालेल्यांना सुरुवातीला त्याहून लवकर आणि सीटी किंवा एमआरआयनेच पाहतात. दोन्ही वेळापत्रके एका कागदावर तारखांसह लिहून फाईलच्या पहिल्या पानाला टाचावीत.

आणि रुग्णाला हिपॅटायटिस बी आढळला असेल, तर जोडीदार, भावंडे आणि मुले यांनीही त्याच आठवड्यात रक्त तपासून घ्यावे. हा विषाणू एका ताटात जेवल्याने लागत नाही. तो आईकडून बाळाला, रक्तातून आणि शरीरसंबंधातून जातो. ज्यांना संसर्ग नाही आणि पूर्वीचे संरक्षणही नाही, त्यांच्यासाठी लस आहे: पहिली मात्रा आज, दुसरी एका महिन्याने, तिसरी सहाव्या महिन्यात. आता लहान मुलांना ती राष्ट्रीय लसीकरणातच मिळते, परंतु घरातील तिशी-चाळिशीच्या माणसांपैकी बहुतेकांना ती कधी मिळालेलीच नसते.